वाचक विचारतात : क्वांटमवाली करते तरी काय?

मागच्या अंकात संपादकांनी माझी चार ओळींची ओळख छापली. गाव दारव्हा तालुक्यातलं, वडील कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर, म्हणजे कापसाची प्रत ठरवणारे, होते, मुलगी क्वांटम कॉम्प्युटिंगमध्ये सैद्धांतिक संशोधन करते. खाली लिहिलं, ‘प्रश्न पाठवा’. मला वाटलं, पाच-सहा येतील. सव्वीस आले. त्यातले चार माझ्या लग्नाबद्दल होते, ते आईच्या हाती दिले. उरलेल्यांतले सहा इथे घेते आहे. दिवाळीसाठी गावी आले आहे, दुपारची लाइन नसते, म्हणून अंगणात बाजेवर बसून हातानेच लिहिलं आहे. कुठे शाईचा डाग दिसला तर तो आमच्या मांजरीचा.

‘तुहे बाबा गावभर सांगून राहिले का पोरगी काम्पुटर बनोते. तू म्हनतं का बनोत नाही. मंग दिवसभर करतं काय बाई?’
(गावातूनच, सही नाही)

काकाजी, सही केली नाही तरी अक्षर ओळखलं. आमच्या घरची उधारी तुमच्या वहीत मी कितीदा तरी वाचली आहे. म्हणून तुमच्याच दुकानातली वस्तू घेऊन सांगते.

आधी बाबांचं खरं-खोटं करू. मी क्वांटम कॉम्प्युटर, म्हणजे अणू-इलेक्ट्रॉनच्या नियमांवर हिशेब करणारं यंत्र, बनवत नाही. ज्या प्रयोगशाळेत तो बनतो तिथे मी गेले की पोरं आधी सांगतात, ‘मॅडम, कशाला हात लावू नका.’ एकदा मी पिशवी टेकवली ती नेमकी एका वायरीवर, आणि त्यांचं रात्रभराचं मोजमाप गेलं. तेव्हापासून माझी खुर्ची ठरलेली आहे, दाराजवळची. सगळीच यंत्रं सारखी नसतात, पण माझे सहकारी ज्यावर काम करतात त्याचा गाभा उणे २७३ अंशांच्या जवळ ठेवावा लागतो. त्याहून थंड काही असूच शकत नाही अशी जी शेवटची पायरी आहे, तिच्यावर एका अंशाचा शंभरावा भाग, फार तर पन्नासावा. ताऱ्यांमधली मोकळी जागासुद्धा याच्या शंभर पटींहून गरम. आपल्या मे महिन्यातल्या पंचेचाळीस अंशांची तर गोष्टच सोडा.

एवढी बडदास्त ठेवूनही त्यातला क्युबिट बिघडतो. क्युबिट म्हणजे त्या यंत्रातला माहितीचा दाणा. तुमच्या मोबाइलमधला दाणा ० असतो किंवा १. क्युबिट दोन्हींचं मिश्रण असू शकतो. (‘मिश्रण’ हा शब्द माझ्या गाइडना चालला नसता, पण अंगणात चालेल.) आता बिघडला का, म्हणून पाहायला जावं, तर पाहिल्याबरोबर मिश्रण मोडतं आणि हाती नुसता ० किंवा १ उरतो. बाबा बैलगाडीतल्या ढिगात कोपरापर्यंत हात घालून पुंजका काढायचे, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढायचे आणि धागा किती लांब ते सांगायचे. ओढलेला पुंजका वाया जायचा. त्यांच्याकडे गाडीभर कापूस होता, एक पुंजका गेला तर काय! आमच्या गाडीत पुंजका एकच. त्याची हुबेहूब नक्कल काढून ठेवावी तर तेही निसर्गाला मान्य नाही, हे १९८२ मध्ये सिद्ध झालेलं आहे.

तेव्हा न पाहता बिघाड शोधायचा, हे माझं काम.

तुमचा जुना दांडीचा तराजू आठवा. सारख्या वजनाची तीन गाठोडी आहेत. वजन किती, ते कोणालाच ठाऊक नाही आणि विचारायचंही नाही. रात्रीतून त्यातलं एक उंदराने कुरतडलं. सकाळी पहिलं आणि दुसरं पारड्यांत टाका. मग दुसरं आणि तिसरं. पहिल्या वेळी दांडी कलली आणि दुसऱ्या वेळी सरळ राहिली, तर पहिलं गाठोडं कुरतडलेलं. दोन्ही वेळा कलली तर मधलं. आधी सरळ आणि मग कलली तर तिसरं. किलोचं माप एकदाही टाकलं नाही, तरी उंदीर कुठे बसला होता ते कळलं.

क्वांटम दुरुस्तीचा सगळा डोलारा या युक्तीवर उभा आहे. फक्त क्युबिटला उंदीर दोन जातींचे लागतात. एक ० चा १ करतो. दुसरा त्याहून चावट, तो मिश्रणातलं नातं उलटवतो, ज्याला आम्ही फेज म्हणतो. पीटर शोर या अमेरिकन गणितज्ञाने १९९५ मध्ये दाखवलं की एका क्युबिटची माहिती नऊ क्युबिटांत पसरून ठेवली तर दोन्ही उंदीर पकडता येतात. आता नऊचे शेकडो झाले आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये गूगलच्या विलो नावाच्या चिपचे आकडे जाहीर झाले. तिच्यात १०५ क्युबिट. क्युबिटांची जाळी ३ बाय ३ वरून ५ बाय ५ केली, मग ७ बाय ७ केली, आणि दर पायरीला चूक निम्म्याहून खाली आली. जास्त गाठोडी म्हणजे जास्त उंदीर, अशी भीती आम्हाला वीस-पंचवीस वर्षं होती. त्या दिवशी मी ऑफिसात एकटीच होते. उठून चहा केला आणि पुन्हा तेच पान वाचलं.

तर दांडी कुठे कुठे कलली याची यादी त्या यंत्रातून दर मायक्रोसेकंदाला येते, म्हणजे सेकंदाला दहा लाख वेळा. ती वाचून कोणता क्युबिट बिघडला याचा अंदाज बांधायची रीत मी शोधते. हत्यारं म्हणाल तर फळा, पेन्सिल, एक लॅपटॉप आणि माझ्याशी वाद घालणारे दोन विद्यार्थी. तीन वाजेपर्यंत चार पानं भरतात, पाचपर्यंत त्यातली तीन फाटतात. याचा पगार मिळतो, हे आईला अजून पटलेलं नाही.

‘क्वांटम कॉम्प्युटर आला तर कापसाचा भाव आधी कळेल काय? आणि बोंडअळीचं काही होईल?’
(एक शेतकरी, बाभुळगाव तालुका)

नाही दादा. दोन्ही नाही. भाव ठरतो तो आयात-निर्यात, पाऊस आणि व्यापाऱ्याच्या मनावर, आणि व्यापाऱ्याच्या मनाचं समीकरण माझ्याकडे नाही.

पण तुमच्या शेतातलीच एक गोष्ट आमच्या कामाची आहे. पुढच्या पावसाळ्यात सोयाबीन फुलावर असताना एक झाड हलक्या हाताने उपटा आणि मुळं पाहा. मुळांवर बारीक गाठी दिसतील. एखादी नखाने फोडा, आतून लालसर निघेल. त्या गाठीत राहणारे जिवाणू हवेतला नत्र घेऊन झाडाला खाऊ घालतात, आपल्या नेहमीच्या हवामानात, नेहमीच्या दाबाला. हेच काम कारखान्यात करायला चारशे अंशांच्या वर तापमान आणि हवेच्या दीडशे-दोनशे पट दाब लागतो. तेव्हा कुठे अमोनिया होतो आणि त्यातून तुमची युरियाची गोणी. जिवाणूला हे कसं जमतं? त्याच्या प्रथिनात लोखंड आणि मॉलिब्डेनम यांच्या अणूंचा एक झुबका असतो, तिथे सगळी कारागिरी चालते. त्या झुबक्यातले इलेक्ट्रॉन एकमेकांत इतके गुंतलेले असतात की आजच्या कॉम्प्युटरला त्यांचा चोख हिशेब झेपत नाही. दर क्युबिटामागे शक्यता दुपटीने वाढत जातात. दहा क्युबिटांना १,०२४ आकडे पुरतात, पन्नासांना अकराशे लाख कोटींच्या वर लागतात.

अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी १९८१ मध्ये एका भाषणात हेच मांडलं होतं. निसर्ग क्वांटमच्या नियमाने चालतो, मग त्याची नक्कल करणारं यंत्रही त्याच नियमाने चालणारं हवं. आमचा सगळा धंदा तिथून सुरू झाला म्हणायला हरकत नाही. त्या झुबक्याचं गणित हे या यंत्रांच्या आशेच्या कामांपैकी एक आहे. त्यातून स्वस्त खत निघेलच, असं मी स्टॅम्पपेपरवर लिहून देणार नाही. तोवर नत्र फुकट देणाऱ्या गाठी तुमच्या धुऱ्याच्या आत आहेतच.

‘पतसंस्थेतून निवृत्त झालो. हे यंत्र सगळी कुलपं तोडणार असं वाचलं. माझ्या ठेवीचं काय?’
(दिग्रस)

काका, बातमीत तथ्य आहे, घाई नाही. इंटरनेटवरची माहिती गुप्त ठेवणारं एक जुनं आणि अजून वापरात असलेलं कुलूप १९७७ मधलं आहे. दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार सोपा, पण गुणाकारावरून त्या संख्या शोधणं महाकठीण, यावर त्याची भिस्त. १९९४ मध्ये शोर यांनीच दाखवलं की क्वांटम यंत्र ते सोडवू शकेल. सात वर्षांनी आयबीएमच्या प्रयोगशाळेत १५ म्हणजे ३ गुणिले ५ हे खरोखर काढलं गेलं. आपल्या तिसरीतल्या पोराला तोंडपाठ येतं तेवढंच.

खऱ्या कुलपासाठी दोन कोटी क्युबिट आणि आठ तास लागतील, असा हिशेब २०१९ मध्ये मांडला गेला. २०२५ मध्ये तोच दहा लाखांच्या आत आणि आठवड्याच्या आत आला. म्हणजे यंत्र वाढतंय त्याहून हिशेब जास्त झपाट्याने घटतोय, आणि मला झोप लागत नाही ती यामुळे. तरी दहा लाख कुठे आणि आजचे शेकडा-हजार कुठे! शिवाय कुलूप बदलणंही सुरू झालं आहे. अमेरिकेच्या मानक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये क्वांटम यंत्रालाही दाद देणार नाहीत अशा तीन नव्या पद्धती जाहीर केल्या.

तुमच्या ठेवीला आज धोका आहे तो ‘केवायसी संपलंय, ओटीपी सांगा’ म्हणणाऱ्या फोनचा. त्याला क्वांटम लागत नाही.

‘बाजारात क्वांटम एनर्जीचं लॉकेट १,८०० रुपयांना मिळतं. गुडघ्याला फायदा होतो का?’
(यवतमाळ)

घेऊ नका. घेतलं असेल तर कोणाला विकूही नका, दुसऱ्याच्या गळ्यात पडेल.

‘एम.एस्सी. झालो. नेट दोनदा गेली. सर म्हणतात, थिअरी हे बुद्धीचं काम आहे. तुमची कधी गेली काय?’
(अमरावती)

गेली. नेट, म्हणजे प्राध्यापकी आणि संशोधनासाठीची पात्रता परीक्षा, पहिल्यांदा गेली आणि चांगली आपटून गेली. निकाल पाहायला यवतमाळला सायबर कॅफेत गेले होते, अर्ध्या तासाचे पंधरा रुपये दिले, दोन मिनिटांत उठले. उरलेली अठ्ठावीस मिनिटं कॅफेवाल्याने परत दिली नाहीत, याचाच राग जास्त आला होता.

बुद्धी लागते हे खोटं नाही. पण तिच्या आधी बूड लागतं, खुर्चीवर टेकलेलं. माझा हिशेब मांडते, तो पाहून काय ते ठरवा. यवतमाळला बी.एस्सी., नागपूरला एम.एस्सी., एक वर्ष नेटच्या तयारीत आणि गावात ट्यूशन घेण्यात. मग दक्षिणेतल्या एका संस्थेत पीएच.डी.ला सहा वर्षं. पुढे कॅनडात अडीच आणि जर्मनीत अडीच वर्षं पोस्टडॉक, म्हणजे कराराची नोकरी. दर वेळी सामान दोन बॅगांत आणि ‘पुढे काय’ हा प्रश्न तिसऱ्या बॅगेत. पक्की नोकरी लागली तेव्हा चौतीस पूर्ण झाले होते. माझ्या वर्गातले तलाठी झाले त्यांची तोवर घरं बांधून झाली होती. हे कोणी आधी सांगत नाही, म्हणून सांगितलं.

आणि माझ्या चुकीबद्दल म्हणाल तर जर्मनीतली एक सांगते. बिघाड ओळखायची एक नवी रीत मी शोधली. अकरा महिने लागले. कागदावर देखणी, सिद्धता नीटनेटकी, गाइडही खूश. सिद्धतेच्या दुसऱ्याच ओळीत मी गृहीत धरलं होतं की प्रत्येक क्युबिट आपापला बिघडतो, शेजाऱ्याशी संबंध नाही. सगळेच तसं धरत, मीही धरलं. मग प्रयोगवाल्या एका मित्राने खऱ्या चिपवरचे आकडे दिले. माझी रीत त्यांवर चालवली, तर ती जुन्या साध्या रीतीपेक्षाही वाईट निघाली. तराजूचं उदाहरण आठवा. एका रात्रीत दोन गाठोडी सारखीच कुरतडली गेली, तर दांडी तुम्हाला छातीठोकपणे तिसऱ्याचंच, चांगल्याचंच नाव सांगते. आणि तुम्ही ते ‘दुरुस्त’ करायला जाता.

त्या रविवारी घरी फोन केला. बाबांना यातलं काय कळणार, तरी बोलले, कारण त्या शहरात मराठीत रडता येईल असं दुसरं कोणी नव्हतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘एक बोंड किडलं त शेजारचं किडत नाही, हे कोन्या शाळेत शिकवलं तुले?’

मी फोन ठेवला आणि अर्धा तास खिडकीतून बर्फ पाहत बसले. मग ती दुसरी ओळ खोडली. बिघाड एकमेकांना लागून येतात हे धरून सगळं पुन्हा मांडायला लागले, आणि पुढची दहा वर्षं माझं काम तेच झालं. २०२१ मध्ये प्रयोगवाल्यांनी दाखवलं की अवकाशातून येणारा एखादा कण चिपवर आदळला तर एकाच फटक्यात कितीतरी क्युबिट बिघडतात, गारपिटीसारखे. ते बाबांना कौतुकाने सांगितलं. ते म्हणाले, ‘गारीचा पंचनामा कोन करते मंग?’

नेट तिसऱ्यांदा द्या. पण फक्त तिच्यावर बसू नका. जेस्ट आणि गेट या प्रवेश परीक्षांचे अर्ज सोबत भरा, संशोधन संस्था त्यांवरही मुलाखतीला बोलावतात. जेआरएफ, म्हणजे नेटमधून मिळणारी संशोधनाची फेलोशिप, मिळाली तर २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आणि घरभाडं मिळतं. जगता येतं, घर बांधता येत नाही.

‘ताई, मी बारावी सायन्सला आहे. मला तुमच्यासारखं व्हायचं आहे. नागपूरचा एक क्लास ४५,००० रुपयांत तीन महिन्यांत क्वांटम सायंटिस्टचं सर्टिफिकेट देतो. बाबा म्हणतात, डी.फार्म. कर. काय करू?’
(आर्णी तालुका)

क्लासला पैसे देऊ नकोस. तीन महिन्यांत सायंटिस्ट होत असते तर मी सहा वर्षं मेसची इडली खाल्ली नसती. आयबीएमने २०१६ पासून आपला छोटा क्वांटम कॉम्प्युटर इंटरनेटवर सगळ्यांना वापरायला दिला आहे. त्यासाठीचं सॉफ्टवेअर, क्विस्किट, फुकट आहे. आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं एनपीटीईएल या संकेतस्थळावर फुकट आहेत. पंचेचाळीस हजारांत तुमच्या घरी एक बरा लॅपटॉप येईल आणि वर तुरीचं बियाणं.

बाबांवर रागावू नकोस. डी.फार्म. म्हणजे दोन वर्षांत हाताला काम, हे त्यांचं गणित बरोबर आहे. तू त्यांच्यापुढे दुसरं गणित मांड, स्वप्न मांडू नकोस. बी.एस्सी. तीन वर्षं, एम.एस्सी. दोन, पीएच.डी. पाच-सहा. बोर्डात वरच्या एक टक्क्यात आलीस आणि मूलभूत विज्ञानाला गेलीस, तर इन्स्पायर शिष्यवृत्तीचे वर्षाला ८०,००० रुपये. पीएच.डी.पासून दरमहा विद्यावेतन. पुण्यासारख्या आयसर या केंद्राच्या विज्ञान संस्थांची प्रवेश परीक्षा वेगळी असते, तिचा अर्ज वेळेत भर. ती हुकली तर बी.एस्सी. यवतमाळलाच कर आणि जॅम ही एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा देऊन आयआयटीत जा. मला जॅमचं नावच ठाऊक नव्हतं, तुला आता ठाऊक आहे.

बाबांना हेही सांग की यात नुसती फळ्यावरची माणसं लागत नाहीत. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय क्वांटम मिशनला ६,००३ कोटी रुपये मंजूर केले, २०३०-३१ पर्यंतचे. बंगळुरू, चेन्नई, मुंबई आणि दिल्ली अशी चार मुख्य केंद्रं. तिथे थंड यंत्रं सांभाळणारे, इलेक्ट्रॉनिक्सवाले, प्रोग्रामर, सगळे लागतात. थिअरीचं दार नाही उघडलं तर शेजारची दारं आहेत. मुंबई-पुण्याच्या पोरांनाच हे जमतं असं कोणी म्हणालं तर विजय भटकरांचं गाव विचार. परम ८००० हा महासंगणक १९९१ मध्ये ज्यांच्या नेतृत्वाखाली झाला, ते मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरांब्याचे.

इंग्रजीची धास्ती घेऊ नकोस. मी दहावीपर्यंत गणितात तीन ठिपके आले की ‘म्हणून’ म्हणत असे. अकरावीत सर त्यांना ‘देअरफोर’ म्हणायला लागले, तर ही काही नवी राशी आहे असं मला दिवाळीपर्यंत वाटत होतं.

आणि अभ्यास. क्वांटम हा शब्द दोन वर्षं विसर. मॅट्रिक्स, संमिश्र संख्या आणि संभाव्यता, ही तीन प्रकरणं अशी कर की झोपेतून उठवलं तरी सुटली पाहिजेत. माझ्या रोजच्या कामात सत्तर टक्के हेच असतं. उदाहरणसंग्रहातली शेवटची, सर ‘परीक्षेला येत नाहीत’ म्हणून सोडून देतात ती, आधी सोडव.

तुझी बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये संपेल. एप्रिलमध्ये चुलत भावाच्या लग्नाला मी आठ दिवस गावात आहे. पत्ता संपादकांकडून घे आणि बाबांना घेऊन ये, आमचे बाबा त्यांच्याशी बोलतील. येताना गणिताचं पुस्तक आण. अकरावीचं आण. बारावीचं नको.